राऊटर न घेता घरातल्या घरात वायफाय जोडता येतं का? लॅपटॉप, टॅब, टीव्ही आणि दुकानातला जुना पीसी

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे सांभाळून घ्या. आमचं गाव यावल तालुक्यात, गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, कनेक्शनवाला "पुढच्या आठवड्यात" म्हणतो आणि त्या पुढच्या आठवड्याला सहा महिने झाले. घरात नेट म्हणजे माझ्या मोबाइलचं रोजचं 2 जीबी, बस. आता गोष्ट अशी की बहीण स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिचे सगळे लेक्चरचे व्हिडिओ माझ्या लॅपटॉपमध्ये, साधारण 60 जीबी. मी दिवसा लॅपटॉप घेऊन फैजपूरला जातो मग ती बसते हात चोळत. तिच्याकडे एक टॅब आहे त्यात सिम टाकायची सोयच नाही, मेमरी पण फुल. पुढच्या खोलीत आप्पांचं कृषी सेवा केंद्र, तिथे बिलं करायला एक जुना पीसी आहे विंडोज 10 वाला, त्याची हार्ड डिस्क बरीच रिकामी पण त्याला वायफाय नाही. टीव्ही स्मार्ट आहे पण आमच्याकडे तो नुसता बातम्या नि मालिका.

मला पाहिजे एवढंच की हे सगळं एकमेकांना जोडलं जावं, व्हिडिओ पीसीत राहतील, ही टॅबवर कुठेही बसून बघेल. दुकानदार म्हणे आधी राऊटर घ्या. आप्पा म्हणतात ज्या घरात इंटरनेटच नाही तिथे राऊटर आणून काय त्याची पूजा करायची का.

अजून एक. परवा मी फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपमधून 700 एमबीची एक फाइल फोनमध्ये घेतली तर संध्याकाळी मेसेज, आजचा डेटा संपला! म्हणजे हॉटस्पॉटवर घरातली फाइल पाठवली तरी डेटा कटतो का? मग तर काही अर्थच नाही.

घर अर्धं जुनं धाब्याचं आहे, भिंती दीड-दोन हात जाड, मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या. हे पण लक्षात घ्या.

शेवभाजी_डबल_तडका
पेन ड्राइव्ह घे. विषय संपला.

केळीबाग_यावल
दादा 16 जीबीचा आहे, चार फेऱ्या मारायची पण तयारी होती, पण दोन-तीन व्हिडिओ 5 जीबीच्या वरचे आहेत ते घेतच नाही, "फाइल खूप मोठी आहे" म्हणतो. 9 जीबी रिकामी असूनही.

शेवभाजी_डबल_तडका
तो फॅट32 मध्ये, म्हणजे फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट करेल असणार, त्यात एका फाइलला 4 जीबीची हद्द राहते, ड्राइव्ह कितीही रिकामा असू दे. आतला माल काढून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट कर, घेईल. पण खरं सांगू, रोजचंच काम असेल तर पेन ड्राइव्हने कंटाळशील, खालच्या लोकांचं ऐक.

तापीकाठचा_भो
काय भो, कसं काय शे. पहिले एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय म्हणजे दोन यंत्रांमधला बिनतारी रस्ता. त्या रस्त्यावरून इंटरनेट पण येतं नि तुझ्या घरातल्या घरातली फाइल पण जाते. गावाला हायवे नसला म्हणून शेतात जायचा शिवरस्ता बंद होत नाही ना, तसं.

राऊटर तरी काय वेगळं करतो? हवेत नेटवर्कचं नाव सोडतो, आलेल्याचा पासवर्ड बघतो, प्रत्येकाला एक नंबर देतो ज्याला आयपी म्हणतात, आणि याचा माल त्याच्याकडे पोचवतो. ही चारही कामं तुझा फोन हॉटस्पॉट चालू केला की करतो, तू त्याला राऊटर म्हणत नाहीस एवढंच. म्हणून घरात कोणीतरी एक मुखिया झाला की बाकीचे त्याला येऊन जोडले जातात, तो मुखिया राऊटरच पाहिजे असा काही कायदा नाही.

आता कर असं. फोनचा मोबाइल डेटा बंद. हो, बंद, आणि मग हॉटस्पॉट चालू, बहुतेक अँड्रॉइड फोन डेटा बंद असला तरी हॉटस्पॉट चालू करू देतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड विचारेल तिथे 2.4 गिगाहर्ट्झ ठेव, 5 नको, तुझ्या धाब्याच्या भिंतीत 5 वाला शिरल्या शिरल्या मरतो, आणि जुन्या टॅबला तो दिसेलच याची पण खात्री नाही. पासवर्ड कमीत कमी 8 अक्षरी लागतो. मग लॅपटॉप आणि टॅब दोन्ही त्याला जोड. लॅपटॉप म्हणेल "इंटरनेट नाही", म्हणू दे. टॅब विचारेल की या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का, त्याला हो सांग आणि पुन्हा विचारू नको वर टिक कर, नाहीतर तो दर थोड्या वेळाने सोडून पळतो आणि तू म्हणशील भो तुनं काही चालत नाही.

फाइल पाठवायला लोकलसेंड नावाचं ॲप दोन्हीकडे टाक, फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज अँड्रॉइड सगळ्यांवर चालतं आणि इंटरनेट लागत नाही, फक्त दोघं एका नेटवर्कवर पाहिजेत. पहिले आपण सगळे शेअरइट नि झेंडर वापरायचो, ते दोन्ही जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या 59 ॲप्समध्ये गेले.

नंदुरबार_मिरची
भो ने बरोबर सांगितलं पण एक बारीक गोष्ट राहिली. फोन मुखिया आणि लॅपटॉप ते टॅब फाइल जाते, तेव्हा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा प्रवास करतो, लॅपटॉप ते फोन आणि मग फोन ते टॅब, दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणून वेग निम्मा होतो. त्यापेक्षा लॅपटॉपलाच मुखिया कर, मग एकच उडी. विंडोज 10 मध्ये 2016 च्या अपडेटपासून मोबाइल हॉटस्पॉट नावाचं बटण आहे, सेटिंग मध्ये नेटवर्क च्या खाली, 8 यंत्रं जोडता येतात. आयपी बघायची वेळ आली तर लॅपटॉपचा स्वतःचा नंबर तिथे 192.168.137.1 असतो.

पण विंडोजची खोड अशी की वाटायला काहीतरी कनेक्शन असल्याशिवाय तो हॉटस्पॉट चालू करायलाच तयार नसतो. तेव्हा फोन यूएसबी केबलने लाव, टिथरिंग म्हणजे केबलमधून फोनचं कनेक्शन द्यायची सोय चालू कर, मग करतो. माझ्याकडे विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम आहे त्याला हे नखरे नाहीत, वायफायच्या मेन्यूत हॉटस्पॉट चालू करा म्हटलं की करतो, नेट असो नसो.

आणि गूगलवर शोधशील तर जुने लेख सापडतील, काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, नेटश ने सुरू होणाऱ्या कमांड टाकायला सांगतात. ते विंडोज 7 च्या काळातलं आहे. त्याच्याही आधी ॲड-हॉक नावाचा प्रकार होता, 1997 च्या पहिल्या वायफाय स्टँडर्डपासूनच, ज्यात मुखियाच नसतो, सगळे सारखे. कल्पना भारी पण अँड्रॉइड फोनला ते नेटवर्क दिसायचंच नाही, मी त्या काळी दोन रात्री घालवेल आहेत त्यावर. विंडोज 8 ने तो मेन्यूच काढून टाकला. तू त्या वाटेला जाऊच नको.

पीसीचं पण सोपं आहे, फोन यूएसबीने पीसीला लाव आणि टिथरिंग कर, त्याच फोनचा हॉटस्पॉट पण चालू ठेव, झाले सगळे एका नेटवर्कवर.

भुसावळ_लोको
मिरची भाऊ, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. शेवटचं मी स्वतः करून फसलो आहे. टिथरिंगवाल्या पीसीला फोन वेगळ्या वस्तीत बसवतो आणि हॉटस्पॉटवाल्यांना वेगळ्या. माझ्या जुन्या फोनवर यूएसबीचे नंबर 192.168.42 ने सुरू व्हायचे आणि वायफायचे 192.168.43 ने. इंटरनेट दोघांना मिळतं पण लॅपटॉपला पीसी दिसत नाही, लोकलसेंड नुसतं शोधत बसतं. म्हणजे एकाच जंक्शनवर दोन गाड्या उभ्या आहेत पण मध्ये पूल नाही. मी आख्खी दुपार फायरवॉलला, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या विंडोजच्या राखणदाराला, शिव्या घातल्या होत्या.

बाळा यावलवाल्या, तुझं 60 जीबीचं काम वायफायवर करूच नकोस. एकदाच करायचं आहे ना? लॅनची केबल घे, दोन-तीन मीटरची, एक टोक लॅपटॉपला एक टोक पीसीला, मध्ये काही नाही. पूर्वी यासाठी उलटसुलट तारांची क्रॉसओव्हर केबल वेगळी करून घ्यावी लागायची, आम्ही ऑफिसात क्रिंपरने स्वतः करायचो, आता दोनपैकी एक पोर्ट जरी गिगाबिट म्हणजे 1000 एमबीपीएस वाला असला तरी तो स्वतःच तारा ओळखून घेतो, साधी केबल चालते. जोडल्यावर मिनिटभर थांब, कोणी नंबर देणारा नाही हे बघून दोघं स्वतःच 169.254 ने सुरू होणारा नंबर घेतात. एरवी हा नंबर दिसला की काहीतरी बिघडलंय समजायचं, इथे तो दिसला की काम झालं समज.

हिशोब सांगतो. 2.4 वर साध्या टॅबला आणि फोनला व्यवहारात सेकंदाला 4-5 एमबी मिळाले तरी नशीब, म्हणजे 60 जीबीला पावणेचार-चार तास, तेही फोन शेजारी असेल तर. जुन्या पीसीचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएस वाला असेल तरी सेकंदाला 11 एमबी पडतात, दीड तासात काम. दोन्ही गिगाबिट असतील तर मग हार्ड डिस्कच दमेल.

जळगावची_ताई
डेटाच्या प्रश्नाचं कोणी उत्तरच दिलं नाही, म्हणून लिहिते. मी संगणकाचे क्लास घेते, हा घोळ आमच्याकडे दर बॅचला होतो.

तुझी 700 एमबीची फाइल डेटातून गेलीच नाही. लॅपटॉप आणि फोन समोरासमोर, ती फाइल टॉवरपर्यंत जाईल कशाला? झालं असं असणार की तू मोबाइल डेटा चालू ठेवून हॉटस्पॉट लावलास, लॅपटॉपला वाटलं अरे वा घरी ब्रॉडबँड आलं, आणि त्याने मागच्या मागे विंडोज अपडेट ओढायला घेतलं. 2 जीबी त्याच्या दाताखाली पण येत नाहीत. आणि मग वेग 64 केबीपीएस वर, दिवसभर व्हॉट्सॲपचा फोटो गोल गोल फिरतोय.

उपाय दोन. घरातल्या घरात फाइल पाठवताना मोबाइल डेटा बंदच ठेव. आणि कधी खरंच नेट वापरायचं असेल तर लॅपटॉपमध्ये त्या वायफायच्या नावावर क्लिक करून प्रॉपर्टीज मध्ये मीटर्ड कनेक्शन चालू कर, मग विंडोज मोठी अपडेट परस्पर ओढत नाही. हे प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळं करावं लागतं, हॉटस्पॉटचं नाव बदललंस की पुन्हा.

आता केबल लावून किंवा वायफायने दोन विंडोज एकमेकांना दिसायला पाहिजेत, तिथे तू अडकणार हे आत्ताच सांगते. त्याच प्रॉपर्टीज मध्ये नेटवर्क पब्लिक आहे का प्रायव्हेट ते बघ. विंडोज अनोळखी नेटवर्कला पब्लिक धरतो आणि दार लावून घेतो, त्याला प्रायव्हेट कर. मग पीसीवर एक फोल्डर कर, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. लॅपटॉपवरून उघडायला फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पीसीचा आयपी, एंटर. तो नाव आणि पासवर्ड विचारेल. इथे निम्मे लोक रडतात, कारण ते रोज पीसी उघडताना चार आकडी पिन टाकतात तोच इथे टाकतात. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून तो चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आप्पांच्या पीसीला पासवर्डच नसेल तर एक ठेवून घे, रिकाम्या पासवर्डने विंडोज बाहेरच्याला आत घेत नाही. आप्पांना सांगून ठेव म्हणजे झालं, नाहीतर सकाळी गिऱ्हाईक उभं आणि बिल निघेना.

आयपी बघायला काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करायचं, इंग्रजीत, जोडून.

साक्री_शिवारात
सगळे एवढं डोकं लावून राहिले, पण दुकानदार चुकीचं काय बोलला? राऊटरला इंटरनेट लागतंच असं कोणी सांगितलं. इंटरनेटची वायर लावायचं भोक रिकामं ठेवा, बाकी सगळं चालतं, आयपी वाटतो, वायफाय देतो, पीसीला मागच्या पोर्टमध्ये केबलने लावा आणि टॅबला वायफायने, दोघं एकाच वस्तीत. ओळखीत कोणाकडे तरी कनेक्शन बदलल्यावर जुना राऊटर माळ्यावर पडेल असतोच, मागून आणायचा, मागे बारीक छिद्रात काडी घालून दहा सेकंद दाबला की रिसेट. माझ्याकडे शेतातल्या घरी दोन वर्षं असाच चालू आहे, नेट नाही, फक्त कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला.

तापीकाठचा_भो
साक्रीकर बोलतात ते शंभर टक्के खरं, पण लाइट गेल्यावर काय? राऊटर बसला. फोनचा हॉटस्पॉट लाइट गेली तरी उभा राहतो, लॅपटॉप टॅब पण बॅटरीवर. आपल्याकडे हा मुद्दा छोटा नाही भो.

साक्री_शिवारात
इन्व्हर्टरवर लावा ना मग.

शेवभाजी_डबल_तडका
राऊटरला पैसे नाहीत आणि इन्व्हर्टर घ्या म्हणे 😄

भुसावळ_लोको
लाइटचा मुद्दा बरोबर, पण हॉटस्पॉटवाल्या फोनचा दुसरा शत्रू आहे, ऊन. एप्रिल-मेमध्ये आमच्या भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा फोन हॉटस्पॉट चालू ठेवून खिडकीत ठेवला तर अर्ध्या तासात "तापमान जास्त" म्हणून स्वतःच बंद पडतो. स्लॅबच्या खोलीत तर विचारूच नका. त्या मानाने तुझी धाब्याची खोली गार, फोन तिथेच ठेव, नुसती भिंतीची अडचण सांभाळ.

जळगावची_ताई
भिंतीचं सांगते. जाड मातीची भिंत सिग्नल खातेच, पण दार उघडं असेल तर तिथून पुष्कळ जातो. म्हणून फोन कोणत्याही खोलीच्या मध्यावर न ठेवता दोन भागांना जोडणाऱ्या दाराजवळ ठेवायचा, छातीइतक्या उंचीवर, जमिनीवर नाही. जुन्या घरात अशा जागी बहुतेक देवळी असतेच. आणि मध्ये गोदरेजचं कपाट किंवा धान्याची पत्र्याची कोठी येऊ देऊ नका, मातीतून थोडं तरी झिरपतं, पत्र्यातून काहीच नाही. आमच्या क्लासमध्ये एका कोपऱ्यातल्या मशीनला नेट कधी नसायचंच, शेवटी कळलं मध्ये लोखंडी कपाट.

केळीबाग_यावल
बापरे एवढं सगळं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई डेटाचं अगदी तेच निघालं, अपडेट हिस्टरी उघडून पाहिली तर त्याच दिवशी दुपारी मोठं अपडेट आलेलं. आणि मी चार दिवस फोन कंपनीला शिव्या देत होतो.

भुसावळचे काका, मी केबल आणतो रविवारी. पण नंतर टॅबला पीसीतलं दिसायला पीसीला वायफाय पाहिजेच ना? त्याला ते छोटं यूएसबी डोंगल चालेल का?

नंदुरबार_मिरची
चालेल, पेन ड्राइव्हएवढं असतं, राऊटरपेक्षा स्वस्त पडतं. दुकानात विंडोज 10 चा ड्रायव्हर आपोआप बसतो का विचार, काहींना सीडी येते आणि सीडी लावायला आता ड्राइव्ह कोणाकडे आहे. पीसी मागच्या बाजूने भिंतीला चिकटून असेल तर डोंगल पुढच्या यूएसबीत लाव, पत्र्याच्या डब्याच्या मागे लपलं तर रेंज जाते. आणि काका, यूएसबीचं तुमचं बरोबर, मी फक्त नेटसाठी वापरत होतो म्हणून कधी कळलंच नाही.

टॅबवर व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं ॲप टाक, त्यात लोकल नेटवर्क म्हणून भाग असतो तिथे पीसीचं शेअर केलेलं फोल्डर दिसतं, व्हिडिओ कॉपी न करता थेट तिथूनच चालतो. टॅबची मेमरी फुल असली तरी प्रश्न नाही, हाच तर फायदा.

टीव्हीचं. स्मार्ट टीव्हीत व्हीएलसी मिळालं तर टाक. नाहीतर लॅपटॉपवर विंडोज आणि के एकदम दाब, टीव्हीत स्क्रीन मिररिंग चालू कर, मिराकास्ट म्हणतात त्याला, त्यात लॅपटॉप आणि टीव्ही थेट एकमेकांशी जोडतात, मध्ये ना राऊटर ना हॉटस्पॉट. चित्र कधी कधी अडकतं पण आईला फोटो दाखवायला पुरे.

केळीबाग_यावल
अपडेट देतो, दहा दिवस झाले.

रविवारी केबल लावली. पहिले दोघं एकमेकांना दिसेनात, मग ताईंचं पब्लिक-प्रायव्हेट आठवलं, ते केलं तर पासवर्ड मागायला लागला, आणि मी चार आकडी पिनच टाकला, दोनदा! वाचलेलं असून. असो. कॉपी सुरू झाली, सेकंदाला 11 च्या आसपास, काकांचा हिशोब बरोबर. 40 जीबी झाले आणि लाइट गेली, पीसी बंद.

भुसावळ_लोको
परत पहिल्यापासून केलंस का? विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड असते, ती आधी पोचलेल्या फाइल सोडून देते आणि राहिलेल्याच घेते.

केळीबाग_यावल
नाही काका, उशिरा वाचलं. मी हाताने बघून बघून राहिलेले टाकले, एक अर्धवट होता तो पुसून पुन्हा. पुढच्या वेळी तुमचंच करीन.

मग डोंगल घेतलं, लावल्या लावल्या चाललं. मुखिया कोण हा प्रश्न होता कारण माझा फोन माझ्याबरोबर फैजपूरला जातो. घरात आईचा जुना फोन पडेल होता, काच फुटलेली, सिम नाही. मला वाटलं सिमशिवाय हॉटस्पॉट होणार नाही, पण झाला. त्यात दहा मिनिटं कोणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा, ते सेटिंगमध्ये सापडलं, बंद केलं. आता बहीण सकाळी टॅब घेऊन मागच्या खोलीत बसते, व्हिडिओ दुकानातल्या पीसीवरून चालतो, पुढे आप्पा त्याच पीसीवर बिलं करतात, दोघांचं एकमेकांना काही अडत नाही. डेटा शून्य.

पासवर्ड पहिले 12345678 ठेवेल होता. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसणाऱ्या पोरांपैकी दोघं जोडले गेलेले दिसले, बिचारे नेट शोधत होते, त्यांना मिळाले प्रशासन आणि अंकगणिताचे व्हिडिओ. फोल्डर उघडून बघितलं असेल तर. बदलला पासवर्ड.

तापीकाठचा_भो
😂 त्यातला एखादा तलाठी झाला तर पेढे मागून घे.

जळगावची_ताई
मस्त झालं. पण फोल्डरला सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय का? निदान फक्त वाचायची परवानगी ठेव, पुसायची नको. आणि आप्पांच्या बिलांचं फोल्डर शेअर मध्ये नाही ना ते एकदा बघून घे.

केळीबाग_यावल
ताई ते फक्त वाचायलाच केलंय. बिलांचं वेगळ्या ड्राइव्हला आहे, शेअर नाही.

एकच अडचण राहिली. फोन तुम्ही म्हणालात तसा मधल्या दाराजवळच्या देवळीत ठेवलाय, तिथून दोन्हीकडे रेंज बरोबर येते, स्लॅबच्या शेवटच्या खोलीत पण दोन कांड्या. पण त्याच देवळीत आई संध्याकाळी दिवा लावते. ती रोज दिव्याच्या आधी फोन उचलून पुसून कपाटात ठेवते, आणि मागून बहिणीची बोंब, लेक्चर अडकलं. आप्पा गल्ल्यावर बसून हसतात.

भुसावळ_लोको
दिव्याजवळ ठेवू नकोस रे बाळा, तापतो. आणि चोवीस तास चार्जरवर लावून ठेवलायस का? जुनी बॅटरी फुगते. रात्री हॉटस्पॉट बंद, चार्जर काढ.

केळीबाग_यावल
काका, चार्जर आजच काढतो. दाराच्या दुसऱ्या बाजूला खिळा ठोकून एक छोटी फळी मारतोय, आप्पांनीच दुकानातून पट्टी आणून दिली.